तोंड पाहून गरी

तलवार मासा आमच्या बुटीबोरीत कोणी पाहिलेला नाही. पाहणार तरी कुठून? मुंबईचा समुद्र इथून रेल्वेनं आठशे किलोमीटरवर, आणि हा मासा तर किनाऱ्याचाही नाही, खोल दर्याचा. आमचं मोठं पाणी म्हणजे गुमगावकडून येणारी वेणा आणि उमरेडच्या अंगाला तिच्यावर बांधलेलं वडगावचं धरण. बाकी नाले, बोड्या, खदानीत साचलेलं पाणी. पण मोबाईल आला तेव्हापासून समुद्र काही लांब राहिला नाही. एमआयडीसीत कामाला असलेल्या माझ्या भाच्यानं एका उन्हाळ्यात फ्लोरिडाकडचा एक व्हिडिओ पाहिला. लांब तलवारीसारखी चोच असलेला, माणसाहून मोठा मासा, आणि त्याला दोन-दोन तास ओढणारी चार माणसं. पोट्ट्याची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी रात्रपाळी सुटल्यावर घरी न जाता तो माझ्याकडे आला.

"मामाजी, याचं सामान कितीले पडत असंल जी?"

"समुद्र कितीले पडते ते विचार आधी."

तो हसला, पण हटला नाही. तलवार मासा नाही तर नाही, निदान वडगावच्या पाण्यात काहीतरी मोठं धरू, असं त्यानं मनात घेतलं होतं. मोबाईलवर एक संच बाजूला काढूनही ठेवला होता. एकात एक शिरणारी कार्बनची काठी, रीळ, विणलेला दोरा, रबराचे बेडूक, आणि एका डब्यात सगळ्या मापांचे मिळून शंभरावर गळ. माझ्याकडून त्याला फक्त हो पाहिजे होता. घरात मी पाण्याकाठी बसणारा म्हणून ओळखला जातो. चाळीस वर्षं झाली. पण असल्या कामात माझ्या हो-ला फारसा अर्थ नाही. मी त्याला म्हणालो, चल, दादाजीकडे जाऊ.

दादाजी आमच्या गावचे ढिवर. वय सत्तरीच्या पुढं, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. आयुष्य जाळ्यावर गेलं, पण हातात गरी घेतली की माणूस वेगळाच होतो. आमच्याकडं गळाला गरी म्हणतात. कोकणातही गरीच म्हणतात आणि गळानं मासे धरण्याला गरवणं. इतकं अंतर असून शब्द मात्र एकच, याचं मला नेहमी नवल वाटतं. दादाजी दोरा बोटावर घेऊन बसतात आणि खाली कोण आलं ते सांगतात. "थो झिंगा चाटून राह्यला, बसू दे." "आता आला शिंगाळा." शंभरातून नव्वद वेळा बरोबर निघतं, आणि उरलेल्या दहा वेळेला मासा सुटलेला असतो, त्यामुळं खोटं ठरवता येत नाही.

भाच्यानं मोबाईल त्यांच्या चांगल्या डोळ्याजवळ धरला. कोणीही असता तर वजन विचारलं असतं. मला वाटलं विचारतील, आणि माझ्याकडं उत्तर तयार होतं. काठी-रिळावर धरलेला सगळ्यात मोठा तलवार मासा ५३६ किलोचा, १९५३ साली चिली देशातल्या इकिके बंदराजवळ लुई मॅरॉन नावाच्या अमेरिकन माणसानं धरला, आणि तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. पण दादाजींनी वजन विचारलंच नाही.

"याचं तोंड कसं हाय? दात हायेत का?"

मी वाचलेलं सांगितलं. वाढलेल्या तलवार माशाला दात नसतात, अंगावर खवलेही राहत नाहीत. चोच चपटी, धारेची. तिनं तो माकूल नाहीतर मासळीला फटका मारतो आणि मग वळून खातो. दिवसा चारशे-पाचशे मीटर खाली, काळोख्या थंडगार पाण्यात राहतो; रात्री वर येतो. एवढ्या थंडीत नजर मंद होऊ नये म्हणून त्याच्या डोळ्यांना आणि मेंदूला ऊब देणारा एक अवयव त्याच्या डोक्यात असतो. आणि तोंड नरम. गळ लागतो, पण जास्त ताण दिला तर मांस फाटून सुटून येतो.

दादाजी ऐकत होते. उबदार डोळ्याचं त्यांना फार आवडलं, दोनदा विचारलं. मग म्हणाले, "नरम तोंड हाय तं मंग हिसका काहाले देतो? फाटून जाईन ना. आन् आधी चोच मारते, मंग खाते, तं पयल्या धक्क्याले ओढाचं नाई. मरळीवानी दम धराचा."

त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. पण त्या माशाच्या मागं लागणारे जाणते लोक हेच सांगतात: पहिल्या धक्क्याला घाई करू नका, रिळाचा ब्रेक फार आवळू नका, हिसका देऊ नका, दोर सारखा ताणलेला ठेवून सावकाश घ्या. शेकडो मीटर खाली त्या राक्षसानं तोंड लावलं तर वर काठीचं टोक जेमतेम मान हलवल्यासारखं हलतं. तेवढ्यावरून ओळखायचं. आमच्या धांड्याच्या तरंगत्या बोंडाकडं तासन् तास पाहणाऱ्या माणसाला यात नवीन काय?

त्या दिवशी दादाजींनी भाच्याचा तो शंभरावर गळांचा डबा चित्रात पाहिला आणि जे सांगितलं ते मी इथं लिहून ठेवतो, कारण नवख्या माणसाला दुकानात हे कोणी सांगत नाही. दुकानदार काठीपासून सुरुवात करतो. काठी महाग असते. खरं सामान उलट्या टोकाकडून घ्यायचं. आधी मासा ठरवायचा, त्याचं तोंड पाहायचं, त्या तोंडाची गरी घ्यायची, गरीला पेलेल तेवढा दोरा, दोऱ्याला पेलेल तेवढी काठी. काठी शेवटी. रीळ तर त्याच्याही नंतर, आणि बहुतेकांना ते लागतही नाही.

तोंडाचं असं आहे. मरळीचा जबडा हाडाचा, आत बारीक धारदार दात. तिला मोठी, जाड गरी पाहिजे आणि बेडूक गिळू देऊन मग एकच सणसणीत हिसका, नाहीतर गरी हाडावर घासून निघून येते. रोहूच्या जबड्यात दातच नाहीत. ओठ मऊ, झालरीसारखे, तोंड खालच्या अंगाला वळलेलं. तो चोखतो. त्याला बारीक गरी, त्यावर कणीक आणि ढेप मळून केलेली गोळी, आणि हात हलका. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला, तो तळाचं खात नाही, म्हणून त्याचा चारा अधांतरी ठेवावा लागतो. शिंगाळा तळाला मिशा फिरवत येतो. त्याला गांडूळ नाहीतर झिंगा, आणि धरल्यावर त्याच्या पाठीचा नि कल्ल्यांमागचा काटा सांभाळायचा. वाम गरी पार पोटात घेते, म्हणून तिच्यासाठी लांब दांड्याची गरी, काढायला सोपी जाते. आणि हे सगळं ज्याला जड वाटतं त्यानं चिलापीपासून सुरुवात करावी. बाहेरच्या देशातून आलेला मासा, जाईल तिथं वाढणारा. तोंड लहान, भूक मोठी. बारीक गरीवर गांडुळाचा अर्धा इंच तुकडा लावला की नवख्याला तासाभरात काहीतरी लागतंच. ढिवर लोक त्याच्यावर नाक मुरडतात, पण शिकायला त्याच्यासारखा मास्तर नाही.

मापाचा एक गोंधळ इथंच सांगून टाकतो. गळाचे आकडे उलटे चालतात. बारा नंबरचा गळ लहान, सहाचा त्याहून मोठा, एकचा आणखी मोठा. एकच्या पुढं मग शून्य लावून मोजतात, तिथं आकडा वाढला की गळ वाढतो: एक-शून्य, दोन-शून्य, असं. तलवार माशाला दहा-शून्यच्या आसपासचा लावतात, तळहाताएवढा. भाच्यानं आकडा मोठा म्हणून 'बारा'चं पाकीट मोठ्या माशासाठी निवडलं होतं. ते आलं असतं तर नखाएवढे गळ हातात पडले असते. चांगला गळ आमच्या बाजारातही मिळतो. नॉर्वेच्या मस्टॅड कंपनीचं नाव खेड्यातल्या म्हाताऱ्यांनाही माहीत आहे, उच्चार काय करायचे तो करतात. नखावर टेकवून ओढायचा. घसरला तर बोथट, अडकला तर धार. आणि नवख्यानं गळाचा उलटा काटा कानशीनं थोडा घासून कमी करावा. मासे दोन-चार जास्त सुटतील, पण पहिल्या वर्षात माशापेक्षा स्वतःचं बोटच जास्त वेळा अडकतं.

दोऱ्याला आमच्याकडं तंगूस म्हणतात, नायलॉनचा तो पारदर्शक दोरा. दादाजींच्या वडिलांच्या काळात सुताचा पीळ असायचा, रोज वाळवावा लागायचा, ओला राहिला की कुजायचा. तंगूस आला आणि ते काम संपलं. जाडी मिलिमीटरमध्ये असते. चिलापी, लहान रोहूला पाव मिलिमीटर खूप झाला. मरळ-शिंगाळ्याला चार-साडेचार दशांश. भाच्याच्या संचातला विणलेला दोरा मात्र वेगळा. तो याहून कितीतरी बारीक आणि कितीतरी मजबूत. समुद्रात तोच वापरतात, कारण पाचशे मीटर खाली दोर सोडायचा तर जाड दोऱ्याला पाण्याचा प्रवाह धरतो आणि तो वाहत जातो. तिथं गरज आहे. आमच्या डोहात तो कशाला? दादाजींनी तसला एक तुकडा धरणावर सापडला होता तो जपून ठेवला होता. त्यांनी तो भाच्याच्या बोटाभोवती गुंडाळला आणि हळूच ओढला. पोरगं ओरडलं. बोटावर पांढरी रेघ उमटली होती.

"हा तुटत नाई," दादाजी म्हणाले. "तू तुटशील."

यावरून पुढची गोष्ट निघाली, आणि मला विचाराल तर सामानातली खरी गोष्ट तीच. वेणेच्या पात्रात खडक आहेत, पुरात वाहून आलेली बाभळीची खोडं आहेत, जुनी जाळी, तारा, पोती, काय नाही? दहा वेळा गरी टाकली तर चार वेळा ती कुठंतरी अडकते. तंगूसाला खाली वजन म्हणून शिसं नाहीतर गोटा बांधतात, आणि अडकतो तो बहुधा हा गोटाच. तो जर तंगूसालाच पक्का बांधला असेल तर ओढताना सगळंच जातं: गरी, दोरा, कधी काठीचं टोक. म्हणून दादाजी गोटा तंगूसाला थेट बांधत नाहीत. मध्ये वीतभर शिलाईचा सुती दोरा घालतात, साधा, कापडं शिवायचा. अडकलं की ओढायचं. सुती दोरा तुटतो, गोटा पाण्यात राहतो, बाकी सगळं हातात परत. मोठा मासा लागला आणि तो खडकात शिरला तरी हेच. गोटा सुटतो, आणि मग मासा आणि माणूस यांच्यात फक्त दोरा उरतो.

मी हे लहानपणापासून पाहत आलो, पण तलवार माशाचं वाचताना जागेवर थांबलो. तिकडं चार-पाच किलोचं वजन खाली सोडतात, कधी शिशाचं, कधी सिमेंटचं, आणि पुष्कळ लोक ते मुद्दाम कच्च्या दोऱ्यानं बांधतात. माशानं झटका दिला की कच्चा दोरा तुटतो, वजन तळाला जातं, मासा मोकळ्या दोऱ्यावर राहतो. नरम तोंडाला ते वजन लटकत राहिलं तर प्रत्येक हिसक्याला भोक मोठं होईल आणि गळ निसटेल. लाखाच्या बोटी, बॅटरीवर चालणारी रिळं, पाण्यात लुकलुकणारा दिवा, आणि सगळ्याच्या खाली एक कच्चा दोरा. सामान निवडताना लोक विचारतात, सगळ्यात मजबूत कोणतं. दादाजी विचारतात, तुटलं तर कुठं तुटलं पाहिजे. गोट्याचा दोरा सगळ्यात कच्चा, मग गरीजवळचा हातभर तंगूस, मुख्य दोऱ्याहून एक माप बारीक, मग मुख्य दोरा, मग काठी. माणूस या ओळीत सगळ्यात शेवटी यायला पाहिजे.

हे शेवटचं ते हसत सांगत नाहीत. पलीकडच्या गावातला एक माणूस, मी तेव्हा विशीत असेन, रात्री डोहावर शिंगाळ्यासाठी बसला होता. झोप लागेल म्हणून दोर मनगटाला बांधून, फेरा मारून. जाड दोर, चांगला मजबूत. पाऊस होऊन गेला होता, काठ निसरडा. सकाळी तो डोहात सापडला, दोर मनगटाला तसाच. मासा ओढून घेऊन गेला असं गावात अजून सांगतात. दादाजींचं म्हणणं वेगळं. त्यांनीच त्याला बाहेर काढला होता. मासा नेत नाही माणसाला, ते म्हणतात, झोपेत हिसका बसला, उठता उठता पाय घसरला, आणि खाली खोडात अडकलेल्या दोरानं त्याला वर येऊ दिलं नाही. दोर सुटत नव्हता आणि तुटतही नव्हता. खोल समुद्रात तर असं अनुभवी खलाश्यांचंही झालं आहे. मासा बोटीजवळ आल्यावर दोराचा पीळ हाताला घेतला आणि माशानं बुडी मारताना त्यांना सोबत नेलं. म्हणून नवख्यानं पहिल्याच दिवशी शिकायचं ते हे: दोर हाताला गुंडाळायचा नाही, मनगटाला नाही, कमरेला नाही, पायाच्या अंगठ्याला तर नाहीच. झोप येत असेल तर घरी जायचं. खिशात छोटी सुरी, हाताला लागेल अशी. सामानाच्या यादीत ती गरीच्या खालोखाल लिहावी.

बाकीचं भराभर सांगतो. पायात बंद जोडा, कारण काठाच्या गवतात घोणस असते. बॅटरी. गरी काढायला चपट्या तोंडाची पक्कड. मांगुराच्या नि शिंगीच्या काट्याचा ठणका ज्यानं सोसला त्याला पकडीची किंमत सांगावी लागत नाही. आणि एक रिकामी थैली, तुटका तंगूस घरी आणायला. हे शहरातून येणाऱ्यांना फार क्षुल्लक वाटतं. सुताचा दोरा कुजून जातो. तंगूस कुजत नाही. बाभळीला लटकलेल्या तंगूसात पाय अडकून उलटा लोंबणारा बगळा मी दोनदा सोडवला आहे. तिसरा मेलेलाच होता.

आता काठीचं. भरीव मानवेलचा बांबू घ्यावा, कटांग जाड पडतो. बुरडाकडं सरळ वाढलेली, आठ-नऊ हात लांब, टोकाला करंगळीएवढी काठी मिळते; महिनाभर सावलीत वाळवायची, गाठी तासायच्या, टोक हलक्या आंचेवर सरळ करायचं. ती वाकते आणि परत येते. माशाचा हिसका दोऱ्यापर्यंत पोहोचायच्या आत काठीच अर्धा खाऊन टाकते, म्हणून बारीक दोऱ्यावर मोठा मासा निभतो. कार्बनची काठी वाईट असं मी म्हणत नाही. हलकी असते, मोडून पिशवीत जाते, लांब फेकता येते. पण ती विजेला धरून घेते, आणि आमच्याकडं रोहिण्या-मृगात पाणी कमी नि वीजच जास्त. शिवाय धरणाच्या भिंतीजवळच्या तारा. नवख्यानं तीच घेतली तर निदान आभाळ गडगडायला लागल्यावर खाली ठेवून दूर व्हावं.

हे सगळं झाल्यावर भाच्यानं विचारलं, "मंग दादाजी, येत्या रविवारी वडगावले जाऊ का?"

"पाणी कोनाचं हाय?" दादाजी म्हणाले.

पोरगं गप्प. सरकारचं, असं काहीतरी पुटपुटलं. आमच्या भागातल्या धरणांचं, तलावांचं मासेमारीचं पाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडं ठेक्यानं असतं. संस्था पैसे भरते, दरवर्षी पावसात मत्स्यबीज सोडते, बोटाएवढ्या पिलांचा रोहू-कटला मोठा होईस्तोवर राखण करते. त्यावर पन्नास-साठ घरं कशीबशी चालतात, आणि दादाजींचं घर त्यातलंच. रविवारी मोटारी येतात, एकेकजण चार-चार काठ्या लावतो, एका दोऱ्याला सहा-सहा गळ, कणकेच्या गोळ्याभोवती झुंबरासारखे. काठावर बसून हौस म्हणून दोन मासे धरणाऱ्याला ढिवर कधी अडवत नाहीत. उलट चारा कोणता लावायचा ते सांगतात. पण त्या झुंबराला रोहू ओठाला नाही लागत, डोळ्याला, पोटाला लागतो, आणि सुटला तरी मरतो. "आमी पेरलं, यायनं कापलं," इतकंच दादाजी म्हणतात आणि बिडी पेटवतात. त्यांचा नातू एमआयडीसीत ठेकेदाराकडं बारा तास उभा असतो. त्याला गरी येत नाही. आली असती तरी तिच्यावर पोट भरलं नसतं, हे त्याला नि दादाजींना दोघांनाही माहीत आहे, आणि त्या घरात त्यावर बोलणं होत नाही. म्हणून असेल, माझा भाचा, ज्याचं पोट या पाण्यावर नाही, तो दोन तास समोर बसून ऐकतो याचं दादाजींना बरंही वाटत होतं आणि कुठंतरी लागतही होतं. निघताना त्यांनी नातवाला हाक मारली. तो झोपला होता.

भाचा संस्थेत गेला. एका काठीची परवानगी, पावती, आणि दोन अटी: एका दोऱ्याला एकच गरी, आणि पहिल्या पावसात चढणीच्या तोंडावर बसायचं नाही, कारण तेव्हा मासा अंडी घेऊन नाल्यात चढत असतो. तिसरी अट दादाजींची, कागदावर नसलेली. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिलांचा घोळका फिरताना दिसतो, त्याच्या खाली मरळीची जोडी असते, पिलं राखत. तेव्हा ती समोर येईल त्यावर तोंड टाकते, नवख्यालाही मिळते. तिथं गरी टाकायची नाही. ती जोडी गेली की बाकीचे मासे ती शंभर-दोनशे पिलं दुपारपर्यंत खाऊन टाकतात.

संच त्यानं घेतला नाही. बुरडाकडून काठी, बाजारातून दोन मापांचा तंगूस, आठ नंबरच्या दहा नि एक-शून्यच्या पाच गऱ्या, पक्कड, सुरी, बॅटरी. शिलाईच्या दोऱ्याची रिळी बहिणीच्या मशीनवरून उचलली, त्यावरून घरात बोलणी खाल्ली. तरंगतं बोंड धांड्याच्या गाभ्याचं, दादाजींनी करून दिलं. सगळं मिळून त्याच्या त्या संचाच्या पाचव्या हिश्श्यात बसलं. उरलेल्या पैशांतून त्यानं दादाजींना डोळा दाखवायला नागपूरला न्यायचं ठरवलं. दादाजी दोन महिने टाळत राहिले, मग दिवाळीनंतर गेले.

पहिल्या चार रविवारी चिलापीच. पाचव्या रविवारी भाद्रपदातलं गढूळ पाणी, झिंगा लावलेली मोठी गरी, आणि बोंड एकदम गेलंच. काठी कमानीसारखी वाकली. पोरगं हिसका द्यायला निघालं तसे दादाजी ओरडले, "शिंगाळा हाय, येऊ दे त्याले, येऊ दे!" मासा खोडाकडं वळला, गोटा कुठंतरी अडकला, काठी थरथरली आणि मग एकदम हलकी झाली. भाच्याचा चेहरा पडला. पण दोरा परत ताणला. फक्त सुती दोरा गेला होता. वीस मिनिटांनी अडीच किलोचा शिंगाळा काठावर आला. गरी ओठाच्या अगदी कडेला होती, पकडीनं धरल्याबरोबर निसटली.

दादाजींनी मासा पाहिला नाही. दोऱ्याचं तुटलेलं टोक बोटांत घेऊन चांगल्या डोळ्याजवळ नेलं.

"गाठीतून नाई तुटला, मधातून तुटला. बरं बांधलं व्हतं."

मग ते खाली वाकून दुसरा गोटा शोधायला लागले.